पडद्यावरची ट्रॉली आणि एकवीस इंची परात

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमची आपा जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाली. मिरजेत तिचा जुना, छोटा फ्लॅट आहे. मागच्या पावसाळ्यानंतर सिंकमागच्या भिंतीला ओल धरली आणि ओट्याखालच्या लाकडी कपाटांना वाळवी लागली. तेव्हा सगळंच स्वयंपाकघर उखडून नव्यानं करायचं ठरलं. निवृत्तीच्या पैशातला एक वाटा तिनं त्यासाठी वेगळा काढला आणि मला बजावलं, की हे काम माझ्या हयातीत एकदाच होणार. चुकलं तर दुरुस्तीला पैसाही नाही आणि उमेदही नाही.

आम्ही एका मोठ्या दुकानात गेलो. तिथल्या मुलानं खोलीची लांबी-रुंदी विचारली, खिडकी कुठल्या भिंतीला आहे ते विचारलं आणि पंधरा मिनिटांत पडद्यावर स्वयंपाकघर उभं केलं. चकचकीत लाल-पांढरी दारं, खिडकीतून पडलेलं ऊन, ओट्यावर काचेच्या वाडग्यात हिरवी सफरचंदं. आपानं चष्मा पुसला, नीट पाहिलं आणि विचारलं, "सिलिंडर कुठाय?" मुलगा म्हणाला, "मॅडम, तो आतमध्ये बसेल. चित्रात दाखवत नाहीत." मग तिनं विचारलं, "वरच्या कपाटाला माझा हात पुरेल का?" आपाची उंची ४ फूट १० इंच. मुलगा हसला. त्या कागदाची एक प्रत मागितली, तर आगाऊ रक्कम भरल्यावर मिळेल असं कळलं. रक्कम न भरता आम्ही रिक्षा पकडली.

त्यानंतरचे दोन महिने आम्ही भाच्याच्या संगणकासमोर बसून काढले. मी कविता लिहिणारा, बी. ए. झालेला माणूस. भूमितीशी माझा संबंध शाळेतच सुटलेला. पण आज घराघरांत संगणक किंवा निदान मोठ्या पडद्याचा मोबाइल आहे, आणि स्वयंपाकघराचा आराखडा आपणच काढून पाहण्याची सॉफ्टवेअर्स फुकटात मिळतात. त्यांतलं कुठलं घ्यावं, असं मला अनेक जण विचारतात, म्हणून जे हाताला लागलं ते सांगतो.

आधी सॉफ्टवेअर बाजूला ठेवा आणि टेप हातात घ्या. मोबाइलच्या कॅमेऱ्यानं माप घेणारी अॅप आहेत. सोफा बसेल की नाही एवढं कळायला ती ठीक, ट्रॉलीसाठी नाहीत. ट्रॉलीत तीन मिलिमीटरनं भांडण होतं. भिंतीची लांबी तीन ठिकाणी मोजायची : जमिनीलगत, ओट्याच्या उंचीवर आणि वरच्या कपाटाच्या उंचीवर. आपाची मागची भिंत खाली ८ फूट २ इंच भरली आणि ओट्यापाशी ८ फूट १ इंच. जिथं कपाट बसणार तिथलं सर्वांत लहान माप धरायचं. मग कोपरा. एका भिंतीवर कोपऱ्यापासून ३ फुटांवर खूण करायची, दुसऱ्या भिंतीवर ४ फुटांवर, आणि दोन खुणांमधलं तिरकं अंतर मोजायचं. ते बरोबर ५ फूट आलं तर कोपरा काटकोनात आहे, मिस्त्रीच्या भाषेत गुण्यात आहे. आमचं आलं ५ फूट १ इंच. म्हणजे कोपरा ९० ऐवजी सुमारे ९२ अंशांचा. दोन अंश म्हणजे काय मोठंसं, असं मलाही वाटलं होतं. पण २४ इंच खोल कपाट मागच्या भिंतीला घट्ट लावलं, तर पुढच्या टोकाला बाजूच्या भिंतीत आणि कपाटात पाऊण इंचाहून जास्त फट राहते. झुरळांना तेवढी पुरते.

इथंच सॉफ्टवेअरची पहिली परीक्षा होते. त्याला वाकडी भिंत काढता येते का? दुकानातल्या मुलानं आयत काढला, कारण लांबी आणि रुंदी सांगितली की आयतच निघतो. प्लॅनर फाइव्ह-डी, होमस्टायलर अशी सॉफ्टवेअर्स इंटरनेटवर चालतात. शिकायला फार सोपी, चित्रं देखणी. भिंतींचा रंग, फरशी, पडदे ठरवायला मला ती आवडली. पण त्यांचा जीव सजावटीत आहे. वापर सुरुवातीला फुकट असतो, पण सगळं सामान किंवा मोठं स्वच्छ चित्र हवं असलं की पैसे मोजावे लागतात. ज्याला फक्त 'पांढरं चांगलं दिसेल की पिस्ता' एवढंच बघायचंय त्यानं तिथंच थांबावं.

दुसरी जात कंपन्यांच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरची. आयकिया या स्वीडिश कंपनीचं पहिलं भारतीय दुकान २०१८ साली हैदराबादला आणि २०२० च्या डिसेंबरात नवी मुंबईला निघालं. त्यांच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांचीच खोकी मिळतात. खालच्या खोक्यांची रुंदी २०, ३०, ४०, ६० किंवा ८० सेंटीमीटर. तुम्ही त्यांचाच माल घेणार असाल तर याच्यासारखं सोयीचं काही नाही, कारण आराखडा पुरा झाला की सामानाची यादी आणि किंमत सोबतच तयार होते. पण कपाटं तुमचा मिस्त्री घरी बसून करणार असेल, तर ४७ सेंटीमीटरच्या जागेत तो ४७ चं खोकं करून देऊ शकतो. त्याला ४० मध्ये का कोंडायचं? शिवाय आपल्याकडच्या जुन्या घरांत ओटा आधीच असतो, खाली कडप्प्याचे उभे दगड असतात आणि दोन दगडांमधलं अंतर गवंड्यानं त्या दिवशीच्या मर्जीनं ठेवलेलं असतं. तिथं मिस्त्रीशिवाय इलाज नाही आणि ठरीव मापाच्या सॉफ्टवेअरचा उपयोग नाही.

मग उरली दोन. एक स्वीट होम थ्री-डी. फ्रान्सच्या एमानुएल प्युबारे यांनी लिहिलेलं हे सॉफ्टवेअर मुक्त परवान्याचं आहे आणि संगणकावर उतरवून घेता येतं, म्हणजे इंटरनेट बंद पडलं तरी आपला आराखडा आपल्यापाशी. भिंत काढताना तिची लांबी आणि कोन आकड्यांत लिहिता येतो. फक्त त्यातली 'मॅग्नेटिझम' नावाची सोय आधी बंद करायची, नाहीतर भिंत १५ अंशांच्या पटीत आपोआप सरळ होते आणि आपल्या ९२ अंशांचे पुन्हा ९० होतात. मी दोन संध्याकाळी या भुताशी भांडलो. त्यातलं प्रत्येक सामान लांबी, रुंदी, उंचीनं हवं तसं बदलता येतं. सिलिंडर मिळेना, तेव्हा एक गोल आकार घेतला, फूटभराहून थोडा रुंद केला, रेग्युलेटरसकट सव्वादोन फूट उंच केला आणि लाल रंगवला. आपा म्हणाली, "आता हे माझं घर दिसायला लागलं."

दुसरं स्केचअप. त्याच्याकडे येतोच, पण आधी उंचीचं सांगतो. खरा प्रश्न तिथंच होता.

दुकानांच्या सॉफ्टवेअरमध्ये खालचं खोकं बहुधा ७२० मिलिमीटर उंचीचं धरलेलं असतं. ही युरोपातली चाल. त्याखाली १०० मिलिमीटरचे पाय, वर प्लाय आणि ग्रॅनाइट मिळून ४० मिलिमीटर; झाले ८६०, म्हणजे जवळपास ३४ इंच. ओट्याची उंची ठरवायची साधी रीत अशी, की अनवाणी उभं राहून कोपर काटकोनात वाकवायचा, जमिनीपासून कोपरापर्यंतचं माप घ्यायचं आणि त्यातून ४ ते ६ इंच वजा करायचे. आपाचा कोपर ३६ इंचांवर. तिला ओटा हवा ३० ते ३२ इंचांचा. ३४ इंचांच्या ओट्यावर शेगडी, शेगडीवर पातेलं, आणि ढवळायला हात खांद्याच्या वर. चाळीस वर्षं फळ्यावर लिहून तिचा उजवा खांदा आधीच दुखतो.

आधुनिक ओटा-कपाटांची आई म्हणून जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या स्वयंपाकघराचं नाव घेतात. १९२६ साली मार्गारेटं श्युटं-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंनी ते आखलं. आगगाडीच्या भोजनडब्यातल्या चिंचोळ्या स्वयंपाकघराचा अभ्यास करून, बाईच्या हालचाली आणि त्यांना लागणारा वेळ मोजून त्यांनी ही मांडणी केली आणि तशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं तिथल्या कामगारवस्त्यांत बसली. गंमत म्हणजे, ते आखण्याआधी आपण स्वतः कधी स्वयंपाक केला नव्हता, हे बाईंनी पुढं मोकळेपणानं सांगितलं. त्यांनी निदान मोजून तरी पाहिलं होतं. आज आपण सॉफ्टवेअर उघडतो आणि कुणीतरी कुठंतरी धरलेली उंची न विचारता घेतो.

म्हणून सॉफ्टवेअरची दुसरी परीक्षा : खोक्याची उंची बदलू देतं का? आम्ही ओटा ३१ इंचांवर आणला. मग वरचं कपाट. आपाला ओट्यासमोर उभं केलं, हात वर करायला सांगितला आणि भिंतीवर पेन्सिलनं खूण केली. पावणेसहा फूट, म्हणजे ६९ इंच. दुकानाच्या चित्रात कपाटाचा तळ ५८ इंचांवर आणि दुसरी फळी ७२ वर होती. म्हणजे एक फळी वापरात आणि बाकीचं कपाट स्टुलावर चढणाऱ्यांसाठी. आम्ही तळ ५१ वर आणला, दुसरी फळी ६४ वर आली. शेगडीच्या वर मात्र कपाट ठेवलं नाही. पण ओटा खाली आला तशी सिलिंडरची अडचण झाली. खोक्याची उंची आता ६४७ मिलिमीटर, आणि सिलिंडर रेग्युलेटरसकट ६८० च्या पुढं. पडद्यावरचा लाल गोल ओट्याच्या बाहेर डोकं काढून उभा राहिला! तो दिसला म्हणून आम्ही त्या खोक्याला तळच ठेवला नाही. सिलिंडर थेट फरशीवर, दाराला खाली भोकं, कारण गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो.

आता मिस्त्री. आमचा मिस्त्री तीस वर्षांचा अनुभवी. त्याला मी मोठ्या अभिमानानं मिलिमीटरमधला कागद दाखवला. त्यानं तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "साहेब, सुतात सांगा." आपल्याकडचा सुतार इंचाचे आठ भाग करतो, एक भाग म्हणजे एक सूत. प्लायलाही तो सहा सूत, चार सूत, दोन सूत असंच म्हणतो. म्हणजे साधारण १९, १२ आणि ६ मिलिमीटर. गझल लिहिणाऱ्याला मात्रा मोजायची सवय असते, त्यामुळे मला त्याचं बोलणं लवकर कळलं. एक मात्रा इकडची तिकडे झाली की ओळ अडखळते, एक सूत हललं की ट्रॉली. पण चॅनेल, बिजागऱ्या, रेडिमेड जाळ्या सगळ्या मिलिमीटरमध्ये विकल्या जातात. तेव्हा फूट-इंच आणि मिलिमीटर दोन्ही दाखवणारं सॉफ्टवेअर पाहिजे. नाहीतर रूपांतर कुणीतरी तोंडी करतं आणि चूक तिथंच शिरते.

तर, परात. आपाकडे अम्मीच्या वेळची पितळेची परात आहे, २१ इंचांची. ईदला, लग्नकार्याला पीठ तीतच मळलं जातं. ती ओट्याखालच्या सर्वांत मोठ्या ट्रॉलीत आडवी ठेवायची, असं ठरलं होतं. मी ६०० मिलिमीटरचं, म्हणजे साडेतेवीस इंचांहून थोडं मोठं खोकं काढलं होतं. परात बसते, वर अडीच इंच उरतात, असा माझा हिशेब. मिस्त्रीनं कागद पाहिला, आत जाऊन परात पाहिली आणि म्हणाला, "बाई, ही ह्यात जायची नाही." मग जमिनीवर खडूनं मांडून दाखवलं. बाहेरून ६००. दोन्ही बाजूंच्या १८ मिलिमीटरच्या फळ्या गेल्या, राहिले ५६४. टेलिस्कोपिक चॅनेलला दोन्हीकडे १३-१३ मिलिमीटर, राहिले ५३८. ट्रॉलीच्या स्वतःच्या बाजू १२-१२ मिलिमीटरच्या, राहिले ५१४. म्हणजे सव्वावीस इंच. परात २१ ची.

चूक माझी होती, सॉफ्टवेअरची नव्हती. स्वीट होम थ्री-डीमध्ये मी जो आकार वाढवून खोकं म्हणून ठेवला होता, त्याला बाहेरचं माप होतं, आत लाकडाची जाडी नव्हतीच. खोली मांडायला ते उत्तम. खोकं बांधायला नाही. इथं स्केचअप कामाला येतं, कारण त्यात प्रत्येक फळी तिच्या जाडीसकट वेगळी काढता येते. २००० साली निघालेलं हे सॉफ्टवेअर २००६ मध्ये गूगलनं घेतलं, २०१२ मध्ये ट्रिंबल या कंपनीकडे गेलं. संगणकावर उतरवता येणारी फुकट आवृत्ती २०१७ ची शेवटची; आता घरगुती वापरासाठी फुकट मिळतं ते इंटरनेटवर चालणारं, थोडं आखूड हातांचं. शिकायला आठवडा लागतो. भाच्याला दोन दिवस लागले, मला आठवड्यानंतरही नीट जमत नाही. पण ज्या एका खोक्यावर शंका आहे तेवढं जरी त्यात फळी-फळीनं काढलं, तरी पैसे वसूल. संगणकावरच्या पूर्ण आवृत्तीला ओपनकटलिस्ट नावाची फुकट पुरवणी जोडता येते. ती सगळ्या फळ्यांची यादी करून प्लायच्या शीटवर मांडून देते. इंटरनेटवरच्या फुकट आवृत्तीत अशा पुरवण्या चालत नाहीत, तिथं यादी हातानं करावी लागते.

यादीचा फायदा एका उदाहरणानं सांगतो. प्लायची शीट ८ बाय ४ फुटांची, म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटर. वरच्या कपाटांची खोली आम्ही १२ इंच धरली होती. चार फुटांत १२ इंची चार पट्ट्या निघतात, हे शाळेतलं गणित. पण करवतीचं पातं प्रत्येक कापाला तीनेक मिलिमीटर भुसा करतं. तीन काप गेले की चौथी पट्टी ९ मिलिमीटरनं कमी पडते आणि तिच्यासाठी नवी शीट आणावी लागते. खोली ३०० मिलिमीटर केली, चारही पट्ट्या एका शीटमध्ये निघाल्या. पाच मिलिमीटर सोडल्यानं एक शीट वाचली. ती कुठली घ्यायची हे मात्र कुठलंच सॉफ्टवेअर सांगत नाही. पडद्यावरच्या सागवानी रंगाला पाणी लागत नाही. सिंकखाली आयएस ७१० चा शिक्का असलेला प्लाय घ्या, आणि शिक्का शीटवर पाहा, बिलावर नाही.

कुणी घाईत असेल तर माझा सल्ला एवढाच, की कुठलंही सॉफ्टवेअर निवडण्याआधी त्यात अख्खं स्वयंपाकघर काढू नका. अर्धा तास घ्या. आपल्या घरातली सर्वांत वाकडी भिंत काढा, तिला लागून एक खोकं ठेवा, त्याची उंची आपल्या मापानं बदला, त्यात घरातलं सर्वांत अडचणीचं भांडं ठेवा, ट्रॉली उघडून बघा, ती शेजारच्या दाराच्या मुठीला किंवा चौकटीला धडकते का ते पाहा, आणि मग त्याचा मापांसकट कागद छापा. यांतल्या एखाद्या पायरीला पैसे मागितले, तर तिथंच कळलं की ते फुकट नाही. पैसे द्यायला हरकत नाही, पण महिन्याची वर्गणी असेल तर ती थांबवायची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. आमच्या भाच्याचे दोन महिन्यांचे जास्तीचे गेले. आणि खुर्चीवर कुणीही बसो, स्वयंपाक करणारं माणूस शेजारच्या खुर्चीत पाहिजे. कोपऱ्यातली दोन दारं एकमेकांवर आपटतात हे पडद्यावर आपानं पाहिलं. मी आणि भाचा तेव्हा रंगांवर वाद घालत होतो. त्या कोपऱ्यात मग दोन इंचांची कोरी पट्टी टाकली.

परातीसाठी मिस्त्रीनं तोड काढली. शेगडीच्या डाव्या बाजूला एक अरुंद, उघडा कप्पा ठेवला. परात, पोळपाट आणि मोठी ताटं त्यात उभी राहतात. मोठी ट्रॉली ५१४ चीच राहिली, तिच्यात आता डाळींचे डबे आहेत. काम संपल्यावर मी जुने कागद आवरायला घेतले, तर शेवटचा, मापांचा कागद सापडेना. फेव्हिकॉलचे डाग पडलेला तो कागद मिस्त्रीनं ट्रॉलीच्या तळाला खालून चिकटवून टाकला होता. पुढं कधी चॅनेल बदलायची वेळ आली, तर कुणाला माप शोधत बसायला नको, असं तो आपाला सांगून गेला.